यंत्राचा भरवसा, गरिबाचा जीव

दवाखान्यात गेल्यावर आपण डॉक्टरांचे नाव विचारतो, खाटेचे भाडे विचारतो, औषधाची किंमत विचारतो. परंतु ज्या यंत्राला आपला माणूस जोडला जातो, ते यंत्र शेवटचे कधी तपासले होते, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? विचारले तर कोणी रागावेल, पेशंटकडे दुर्लक्ष होईल, ही भीती मनात असते. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला न विचारण्याची सवय लावली गेली. म्हणूनच आज आम्ही आमच्या वाचकांपुढे, विशेषतः माता-भगिनींपुढे, हा विषय मांडत आहोत.

मुळशी तालुक्यातील लवळे हे गाव आता पूर्वीसारखे आडबाजूचे राहिलेले नाही. पिरंगुट, नांदे, सूस या बाजूंनी रस्ते आले. डोंगरावर सिम्बायोसिस विद्यापीठ उभे राहिले. तेथेच सिम्बायोसिसचे मोठे रुग्णालय आहे आणि २०२० पासून मुलींसाठी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. याच सिम्बायोसिस संस्थेने पुण्यात सेनापती बापट मार्गावर बाबासाहेबांचे संग्रहालय १९९६ साली उभारले. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू तेथे जपून ठेवल्या आहेत. त्यामुळे हे नाव आपल्या समाजाला परके नाही.

ज्या तालुक्यात एके काळी बाळंतपणासाठी पुण्याची वाट धरावी लागे, तेथे आता डोंगरावर व्हेंटिलेटर, मॉनिटर, क्ष-किरण यंत्रे आली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. लवळ्याच्या रुग्णालयाबद्दल आमची काहीही तक्रार नाही. आमचे म्हणणे सर्वच रुग्णालयांबद्दल आहे, मग ते डोंगरावरचे असो, जिल्ह्याचे असो, कामगार विम्याचे असो की गावातील प्राथमिक आरोग्य केंद्र असो. यंत्र येणे ही पहिली पायरी झाली. ते यंत्र ऐन वेळी चालणे ही दुसरी पायरी आहे, आणि माणसाचा जीव या दुसऱ्या पायरीवर अवलंबून असतो.

भरवसा मोजता येतो

यंत्र ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या परिस्थितीत, न बिघडता आपले काम करील याची खात्री किती, हे मोजण्याचे आणि वाढवण्याचे एक शास्त्र आहे. त्याला इंजिनिअर मंडळी रिलायबिलिटी इंजिनिअरिंग म्हणतात. आपण त्याला भरवशाचे शास्त्र म्हणू. ‘यंत्र चांगले आहे’ एवढ्यावर हे शास्त्र समाधान मानत नाही. किती दिवस चांगले राहील? किती उकाड्यात? वीज कमी-जास्त झाली तर? रात्रपाळीत एकच परिचारिका असेल तर? असे ते विचारते.

साधा हिशेब पाहा. एका यंत्रात १०० भाग आहेत आणि एकही भाग बिघडला तर यंत्र बंद पडते, असे समजू. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची खात्री १०० पैकी ९९ आहे. कोणीही म्हणेल, ९९ म्हणजे उत्तमच! पण शंभर भागांची ही खात्री एकमेकींशी गुणत गेले की उत्तर येते सुमारे ३७. म्हणजे अशी १०० यंत्रे घेतली तर वर्षअखेर केवळ ३७ बिनबिघाड राहतील. हाच प्रत्येक भाग हजारात ९९९ भरवशाचा केला, तर १०० पैकी ९० यंत्रे टिकतात. भाग निवडताना थोडी काटकसर केली की शेवटी केवढे नुकसान होते, ते यावरून ध्यानात येईल.

आता उलट हिशेब. दवाखान्यातील वीज ऐन वेळी दगा देण्याची शक्यता दहात एक आणि जनरेटर दगा देण्याची शक्यताही दहात एक असेल, तर दोन्ही एकाच वेळी दगा देण्याची शक्यता शंभरात एक होते. म्हणून जीव वाचवणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला दुसरा आधार ठेवतात. अट एवढीच, की दोन्ही आधार एकाच खुंटीला टांगलेले नसावेत. जनरेटरमध्ये डिझेल नसेल, किंवा वीज आणि जनरेटर दोन्ही एकाच जळक्या पॅनलमधून येत असतील, तर तो दुसरा आधार केवळ कागदावरचा.

नवे म्हणजे निर्धोक नव्हे

कारखान्यात मेंटेनन्सला काम करणाऱ्या आमच्या बांधवांना एक गोष्ट ठाऊक असते. मशीन नवीन असताना सुरुवातीला त्रास देते, मग बरीच वर्षे सुरळीत चालते आणि म्हातारपणी पुन्हा कुरकुर सुरू करते. बिघाडांची संख्या कागदावर मांडली तर परातीच्या आकाराची रेषा येते. दोन्ही कडा उंच, मध्ये सपाट. पहिल्या कडेचे बिघाड जोडणीतील चुका, कच्चे भाग, अपुरी चाचणी यांतून येतात. म्हणून जीवाशी संबंध असलेले यंत्र माणसाला लावण्यापूर्वी चालवून, तापवून, ताण देऊन पाहावे लागते. शेवटच्या कडेचे बिघाड झिजण्यातून येतात. म्हणून भाग मोडण्याची वाट न पाहता मुदत संपताच बदलावा लागतो.

नाशिकची घटना आठवा. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. नळीतील दाब उतरला आणि त्या प्राणवायूवर असलेले किमान २२ रुग्ण दगावले. ती टाकी जुनाट नव्हती, काही आठवड्यांपूर्वीच बसवलेली होती. वॉर्डातील खाटा होत्या, व्हेंटिलेटर होते, डॉक्टरही होते. सर्वांचा प्राण मात्र एकाच टाकीच्या एकाच जोडावर टांगलेला होता. टाकी फुटली तर अमुक मिनिटांत भरलेले सिलिंडर जोडायचे, ते कोठे ठेवायचे, कोणी जोडायचे, याची तालीम आधी झालेली असणे यालाच भरवशाचे शास्त्र म्हणतात.

भंडाऱ्याची दहा बाळे

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालय. नवजात बाळांच्या कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सातांना वाचवता आले. दहा बाळे गेली. ती गरिबांची बाळे होती. खाजगी दवाखान्याचे बिल ज्यांना झेपत नाही, अशा मायबापांची होती. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या कंट्रोल पॅनलमध्ये आगीची सुरुवात झाली, असे चौकशीनंतर आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. बाळाला जगवण्यासाठी आणलेल्या यंत्रातूनच मरण आले.

वॉर्मर कसा चालतो ते माता-भगिनींनी समजून घ्यावे. बाळ कमी दिवसांचे असले की त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. म्हणून वरून उष्णता देतात. बाळाच्या त्वचेला एक छोटी तपमान-कळ चिकटवलेली असते. ती यंत्राला सांगते, बाळ गार आहे की गरम. आता ही कळ निसटून पडली तर काय होईल? यंत्राला वाटेल बाळ गार पडले आणि ते आणखी तापत जाईल. यंत्रात तसा कोणताही बिघाड नसताना बाळ भाजेल. म्हणून चांगल्या वॉर्मरमध्ये कळ निसटल्याचा वेगळा भोंगा असतो आणि ठरावीक मर्यादेनंतर उष्णता आपोआप बंद होण्याची सोय असते. लिफ्टची दोरी तुटली तर ब्रेक लागून लिफ्ट जागीच थांबते, तसेच हे. बिघडले तरी जीव घेणार नाही, अशी रचना करणे हा या शास्त्राचा आत्मा आहे.

त्यासाठी एक सरळ पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती प्रथम अमेरिकन लष्कराने वापरली आणि आता जगभर चालते. एका कागदावर यंत्राचा एकेक भाग लिहायचा. तो कसकसा बिघडू शकतो? बिघडला तर रोग्याचे काय होईल? असे किती वेळा घडू शकते? आणि घडले तर वेळेवर कळेल का? प्रत्येकाला गुण द्यायचे आणि ज्याचा धोका मोठा त्याचा बंदोबस्त आधी करायचा. हा कागद भंडाऱ्यासारख्या प्रत्येक कक्षासाठी भरता येतो. वॉर्मर पेटला तर धुराचा भोंगा वाजेल का? कोणी जागे असेल का? दार कोणत्या बाजूला उघडते? बाळे कोण, किती जणांनी, कोठून बाहेर न्यायची? हे प्रश्न आग लागण्यापूर्वी विचारायचे असतात. आगीनंतर विचारले, तर त्याला आपण चौकशी समिती म्हणतो.

माणूसही व्यवस्थेचा भाग

काही वेळा यंत्र ठणठणीत असते आणि तरीही जीव जातो. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात रोग्याचा एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्राच्या चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतले आणि त्याचा मृत्यू झाला. एमआरआयचे चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असते, ते बटण दाबून बंद होत नाही, ही गोष्ट आमच्या प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावी. खिशातील किल्ली, सुरी, सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर, यांतील काहीही लोखंडी त्या खोलीत नेऊ नये, कोणी कितीही सांगितले तरी.

परंतु एवढे सांगून आम्ही थांबणार नाही. सिलिंडर उचलणे हे नातेवाइकाचे काम आहे काय? सरकारी इस्पितळात स्ट्रेचर ढकलणे, रक्ताची बाटली धरून उभे राहणे, सिलिंडर वाहणे ही कामे गरिबांच्या नातेवाइकांकडून करून घेतली जातात. त्यांना कोणी शिकवलेले नसते. ज्या व्यवस्थेत अशिक्षित हाताने जोखमीचे काम केल्याशिवाय रोगी पुढे सरकत नाही, ती व्यवस्थाच बिघडलेली आहे. केवळ एका वॉर्डबॉयकडे बोट दाखवून ती दुरुस्त होत नाही. दारात धातू शोधणारी कमान, कुलूप, ठळक मराठी पाटी आणि पुरेसे कर्मचारी, हे तिच्या दुरुस्तीचे सामान आहे.

७३ दिवसांचा हिशेब

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पीएम केअर्स निधीतून आलेल्या व्हेंटिलेटरांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे मे २०२१ मध्ये गाजला. १५० व्हेंटिलेटर आले होते. त्यांपैकी वापरात आणलेले ११३ सदोष आढळले आणि ३७ उघडलेही नव्हते, असे खंडपीठापुढे आले. यंत्रे सदोष नाहीत, वापरणाऱ्यांना नीट प्रशिक्षण नाही, असे केंद्र सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने या पवित्र्याबद्दल नाराजी व्यक्त केली. आम्हाला यात एकच गोष्ट दिसते. यंत्र वाईट असो की प्रशिक्षण अपुरे असो, खाटेवरच्या रोग्याला दोन्हींचा अर्थ सारखाच. त्याला श्वास मिळत नाही.

यंत्रे पडून राहण्याचे दुखणे जुने आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २९ राज्यांतील सरकारी दवाखान्यांच्या यंत्रांची मोजदाद केली. २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० यंत्रे निघाली. किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के यंत्रे बंद आढळली. म्हणून २०१५ साली देखभालीची एक योजना निघाली. महाराष्ट्रातही ती राबवली गेली. कंपनीला ठेका द्यायचा, यंत्रावर नंबर चिकटवायचा, बिघडले की फोनवर तक्रार नोंदवायची, ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती नाही झाली तर दंड. योजना चांगली आहे.

मात्र त्यातील एक आकडा आमच्यासारख्या हिशेबी माणसाच्या डोळ्यांत खुपतो. यंत्र वर्षातून किती काळ चालू असले पाहिजे? जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के. टक्केवारी ऐकायला बरी वाटते. दिवसांत मांडा. ९५ टक्के म्हणजे वर्षात १८ दिवस बंद. ९० टक्के म्हणजे ३६ दिवस बंद. ८० टक्के म्हणजे ७३ दिवस बंद! म्हणजे जो माणूस शहरापासून जितका दूर, त्याच्या वाट्याला बंद यंत्राचे दिवस तितके अधिक. आडगावी कारागीर पोहोचायला वेळ लागतो, हे कारण आम्हाला समजते. पण गर्भवती बाई त्या ७३ दिवसांत बाळंत होणार नाही, याची हमी कोण देणार? या आकड्यात सुधारणा मागणे हा समतेचाच प्रश्न आहे.

आमचे ऐका, आमच्यावरही चाचणी करा

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने सहा रोग्यांना भयंकर जादा मात्रा दिली. काहींचा त्यात मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांत असलेली धातूची कुलपे या नव्या यंत्रात काढून सर्व भिस्त संगणकाच्या सूचनांवर ठेवली होती आणि त्या सूचनांत दोष होता. रोगी सांगत होते, भाजले, चटका बसला. त्यांना उत्तर मिळत होते, यंत्राकडून अशी चूक होऊच शकत नाही. रोग्याचे ऐकले असते तर पुढचे बळी वाचले असते. शिकल्यासवरल्या देशात हे घडले. मग फाटक्या लुगड्यातील म्हातारी ‘सलाइनच्या हाताला आग होते’ म्हणते, तेव्हा तिचे कोण ऐकणार? तक्रार ही यंत्राची तपासणी फुकटात करून देणारी गोष्ट आहे, हे दवाखान्यांनी समजून घ्यावे.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचीही अशीच गोष्ट. ते त्वचेतून प्रकाश सोडून रक्तातील प्राणवायू मोजते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले, की रक्तात प्राणवायू कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. यंत्राला वर्णभेद कळत नाही. पण ज्यांच्यावर ते तपासले गेले, त्यांत काळी-सावळी माणसे पुरेशी नव्हती. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांचा रंग लक्षात घ्या. यंत्र ज्यांच्यासाठी, त्या सर्वांवर त्याची चाचणी झाली पाहिजे, ही आमची मागणी यातूनच येते.

शरीरात बसवलेल्या भागांची नोंद

डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. धातूवर धातू घासून त्याचे कण शरीरात उतरत होते आणि ठरल्यापेक्षा कितीतरी आधी पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येत होती. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा खुबा बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, आयुक्त महेश झगडे यांच्या काळात, या प्रकरणी कंपनीविरुद्ध कारवाईचे पाऊल उचलले. पुढे केंद्राच्या तज्ज्ञ समितीने प्रत्येक बाधिताला किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पण बाधितांपैकी बहुतेकांचा ठावठिकाणाच लागेना. कागद नाही, नोंद नाही, पत्ता बदललेला.

म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे. गुडघा, खुबा, स्टेंट, पेसमेकर, डोळ्यातील भिंग, शरीरात काहीही बसवले तरी त्याच्या खोक्यावरील चिठ्ठी, कंपनीचे नाव, नंबर आणि तारीख मागून घ्या. रेशन कार्ड आणि जातीचा दाखला जेथे ठेवता, तेथेच ती ठेवा.

कायदाही आता बदलला आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. धोक्याप्रमाणे त्यांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. कापसाचा बोळा पहिल्या वर्गात, रक्तदाबाचे यंत्र दुसऱ्यात, हृदयाची झडप शेवटच्या वर्गात. उपकरणामुळे इजा झाली तर नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रमही ६ जुलै २०१५ पासून सुरू आहे. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत फोन आहे. डॉक्टरच नव्हे, रोगी आणि नातेवाईकही कळवू शकतात.

घरातील यंत्रे

आता घरोघरी लहान यंत्रे आली. बाबासाहेब मधुमेहाने किती त्रासले होते, हे आपण सारे जाणतो. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या म्हणून औषध-पथ्य सांभाळले गेले. त्या काळी घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. आज ते आपल्या हाती आहे, तर नीट वापरावे.

साखरेचे यंत्र : पट्ट्यांची डबी वापरून लगेच घट्ट बंद करा. ओल लागली की पट्टी खोटे बोलते. मुदत संपलेली किंवा दुसऱ्या कंपनीची पट्टी वापरू नका. प्रयोगशाळेत रक्त द्याल त्याच वेळी घरचेही यंत्र लावून पाहा. जागतिक मानकानुसार १०० च्या पुढे १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे प्रयोगशाळेत २०० आली तर घरी १७० ते २३०. फरक त्याहून मोठा आणि पुन्हा पुन्हा येत असेल तर यंत्र बदला.

रक्तदाबाचे यंत्र : मनगटापेक्षा दंडाचे बरे. आधी पाच मिनिटे स्वस्थ बसा, हात छातीच्या पातळीवर टेकवा, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. सेल उतरले असतील तर बदला. वर्षातून एकदा दवाखान्यातील यंत्राशी ताडून पाहा.

ऑक्सिमीटर : बोट गार असेल, हलत असेल, नखाला पॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकतो. धाप लागली असेल, ओठ निळे पडले असतील, तर आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका.

ऑक्सिजन तयार करणारे यंत्र : जाळी दर आठवड्याला धुवा. हवा येते म्हणजे प्राणवायू येतोच असे नाही. यंत्र थकले की वारा तेवढाच लागतो, पण त्यातील प्राणवायूचे प्रमाण उतरते. ते मोजून घ्यावे लागते. भाड्याने घेताना मोजणी मागा. विडी-सिगारेट, निरांजन, गॅस यांपासून दूर ठेवा.

नशीब नव्हे, कारण

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्या घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग ते दया करून निघून गेले नाहीत. त्यांनी संघाला बोलावून विचारले, याची शुश्रूषा का होत नाही? आणि रोग्याची काळजी घेणे कोणावर बंधनकारक, शुश्रूषा करणाऱ्याला काय काय आले पाहिजे, याचे नियम घालून दिले. कारण शोधणे, जबाबदारी ठरवणे आणि नियम करणे, भरवशाचे शास्त्र यापेक्षा वेगळे काय सांगते?

कारणाशिवाय कार्य नाही, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. यंत्र बंद पडते तेव्हा त्याला कारण असते. वायर जुनी असते, जाळी तुंबलेली असते, तपासणी चुकलेली असते, जागा रिकामी असते. ‘देवाची मर्जी’, ‘त्याची वेळ भरली होती’ असे शब्द आपल्या तोंडी आले, की ज्याने तपासणी चुकवली तो सुटतो. बाबासाहेबांनी आपल्याला नशिबाच्या जोखडातून सोडवले. मग दवाखान्याच्या दारात आपण ते जोखड पुन्हा का घ्यावे?

तेव्हा प्रत्येक शाखेने, प्रत्येक महिला मंडळाने येत्या वर्षावासात एक काम हाती घ्यावे. आपल्या भागातील सरकारी दवाखान्यात सभ्यपणे जाऊन पाच गोष्टी पाहाव्यात. यंत्रावर शेवटच्या तपासणीची तारीख आहे काय? बंद यंत्र किती दिवसांपासून बंद आहे? तक्रार नोंदवली आहे काय? जनरेटर भार टाकून शेवटचा कधी चालवला? आग लागली तर बाळे आणि रोगी बाहेर नेण्याची तालीम कधी झाली? उत्तरे वहीत लिहावीत. न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करावा. रुग्ण कल्याण समितीत आपला माणूस पाठवावा. परिचारिका आणि कर्मचाऱ्यांशी भांडू नये. तुटक्या यंत्रावर त्याच रात्रभर उभ्या असतात. त्यांची बाजूही वहीत लिहून घ्यावी.

आणि ज्यांची मुले-मुली आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंगला आहेत, त्यांनी बायोमेडिकल इंजिनिअरिंग हे नावही लक्षात ठेवावे. डॉक्टर होण्याचे स्वप्न सर्वांना दिसते. डॉक्टरच्या हातातील यंत्र भरवशाचे ठेवणारा माणूसही जीवच वाचवतो. लवळ्याच्या डोंगरावर उद्या आपल्या वस्तीतील मुलगी डॉक्टर म्हणून जावो आणि दुसरी मुलगी तेथील यंत्रांची वही हातात घेऊन जावो. एकीशिवाय दुसरीचे काम पुरे होत नाही.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!